औषधाचा धनी कोण?

दुष्काळाच्या वर्षी एखाद्याच्या शेतातील विहिरीस पाणी लागले, तर ते पाणी कोणाचे? जमीन त्याची, श्रम त्याचे, तेव्हा पाणीही त्याचेच, असे व्यवहार म्हणेल. परंतु शेजाऱ्याचे लेकरू तहानेने तळमळत असता जो घागरीमागे मोहोर मागेल, त्यास गाव काय म्हणेल हे सांगणे नको. विद्येने सापडलेल्या औषधासंबंधानेही हाच प्रश्न उद्भवतो. त्याचा विचार आज आम्ही वाचकांपुढे मांडतो.

मधुमेह हा रोग आपल्या लोकांस पुरातन काळापासून ठाऊक आहे. परंतु त्याचे मूळ कळण्यास फार काळ लागला. जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी आहे. १८८९ साली मेरिंग व मिंकोव्स्की ह्या विद्वानांनी ती एका कुत्र्याच्या शरीरातून काढली, तेव्हा त्या मुक्या प्राण्यास मधुमेह जडला. त्या ग्रंथीत बेटांसारखे बारीक पुंज असतात. त्यांतून एक रस रक्तात पाझरतो. अशा रसांस हार्मोन म्हणतात. तो आटला म्हणजे साखर रक्तात साचते आणि शरीर मात्र भरल्या ताटापुढे उपाशी राहते. ज्या मुलांस हा रोग जडे, त्यांस अर्धपोटी ठेवून थोडे दिवस जगविणे, एवढेच पूर्वी वैद्यांच्या हाती होते.

१९२१ साली कॅनडातील टोरोंटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट ह्यांनी मॅक्लाउड ह्यांच्या प्रयोगशाळेत तो रस वेगळा काढण्याचा उद्योग आरंभिला. पुढे कॉलिप ह्यांनी तो अधिक शुद्ध केला. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन नामक १४ वर्षांच्या मरणोन्मुख मुलास पहिली सुई टोचली; तिचा म्हणण्यासारखा गुण आला नाही. २३ तारखेस शुद्ध केलेला रस दिला, तेव्हा रक्तातील साखर उतरली व मुलास शक्ती येऊ लागली. तो पुढे १३ वर्षे जगला. ह्या रसास, लॅटिन भाषेतील बेट ह्या अर्थाच्या शब्दावरून, इन्सुलिन हे नाव पडले.

ह्या औषधावर अमाप द्रव्य मिळविता आले असते. परंतु बँटिंग, बेस्ट व कॉलिप ह्यांनी त्याचे पेटंट १९२३ साली प्रत्येकी अवघ्या एका डॉलरास विद्यापीठाच्या स्वाधीन केले. कोणी विचारील, फुकटच द्यावयाचे होते, तर पेटंट घेतले तरी कशास? उत्तर असे की, त्यांनी ते घेतले नसते, तर दुसऱ्या कोणी घेऊन सर्वांची वाट अडविली असती. विहीर मोकळी ठेवावयाची, तर तिच्या काठावर कोणी तरी राखण करावी लागते. केवळ हात झटकून मोकळे होणे म्हणजे त्याग नव्हे.

ही माणसे निर्दोष होती असेही नाही. श्रेयासाठी त्यांच्यांत कलह झाला. १९२३ सालचे नोबेल पारितोषिक बँटिंग व मॅक्लाउड ह्यांस मिळाले, तेव्हा पहिल्याने आपला अर्धा वाटा बेस्टला व दुसऱ्याने कॉलिपला दिला. मान वाटून घेणे त्यांस जड गेले. औषध वाटून देणे मात्र जड गेले नाही.

कामकऱ्याने मजुरी घेऊ नये काय? अवश्य घ्यावी. कारखाना चालविण्यास खर्च लागतो, व संशोधकाच्या घरीही चूल पेटावी लागते. परंतु श्रमाचे मोल वेगळे आणि रोग्याच्या निरुपायाचे मोल वेगळे. पहिले न्यायाने ठरते. दुसऱ्यास सीमा नाही, कारण जीव वाचविण्यासाठी मनुष्य घरदारही विकतो. शिवाय जे ज्ञान अनेक देशांतील अनेकांच्या श्रमांवर उभे आहे, ते सर्वस्वी आपलेच, असे एकाने कसे म्हणावे? त्या दानास शंभर वर्षे लोटली, तरी अनेक दरिद्री रोग्यांस अद्याप इन्सुलिन मिळत नाही, ही लाजेची गोष्ट आहे.

आणि हा प्रश्न केवळ विद्वानांचा नाही. गावात ज्यास वाचता येते, ज्यास सरकारी दवाखान्याची वाट ठाऊक आहे, त्याच्यापाशीही एक विहीर आहे. एखादे मूल एकाएकी वाळू लागले, वारंवार पाणी मागू लागले, वारंवार लघवीस जाऊ लागले, तर त्यास त्वरित डॉक्टरांकडे पोचवावे. आणि ज्याचे इन्सुलिन चालू आहे, त्याने कोणाच्या मुळीपाल्यावर विसंबून ते सोडू नये. एवढे शेजाऱ्यास सांगण्यास एक डॉलरही लागत नाही. जे आपणांस कळले, ते आपण कोणापासून राखून ठेवले आहे काय, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे.