पाठीवर पिशवी, खिशात नाणी

चार मित्र पाठीवर पिशव्या घेऊन, मोजक्या पैशांत रोमला निघाले, की घरचे म्हणतात, ‘एवढ्या लांब जाऊन उपाशीतापाशी काय बघणार?’ पण रोमची पुष्कळशी उत्तम कला तिकीट काढणाऱ्यांसाठी घडलेलीच नाही. ती चर्चमध्ये येणाऱ्यांसाठी आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांसाठी घडली. मायकेलअँजेलोचा संगमरवरी मोझेस सान पिएत्रो इन व्हिंकोली या चर्चमध्ये आहे आणि तिथे प्रवेश मोफत. सान लुईजी देई फ्रान्चेझीमध्ये कारावाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं चारशे वर्षांपूर्वी ज्या भिंतींसाठी रंगवली, तिथेच आहेत. पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो, आणि एका नाण्याचा उजेड चौघांनाही पुरतो! पाणी तर 1874 पासून रस्त्यातल्या लोखंडी नळांतून फुकट वाहतं आहे. नळीच्या आकारावरून रोमकर त्यांना ‘नाझोनी’, म्हणजे मोठी नाकं, म्हणतात.

कोणी म्हणेल, कलोसियमला आणि सिस्टीन चॅपेलला तिकीट पडतंच. पडतं, पॅन्थिऑनलाही 2023 पासून पडतं. जुन्या दगडांची निगा फुकट होत नाही, तेव्हा तो खर्च रास्तच. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: असे प्रवासी गर्दी वाढवतात, गावाला देत काहीच नाहीत. स्पॅनिश पायऱ्यांवर बसायला 2019 मध्ये बंदी आली, ती उगीच नाही. मात्र गर्दी खिसा बघून होत नाही. घाईघाईने चार ठिकाणं उरकणारा पाहुणा, पैसेवाला असला तरी, त्याच दोन चौकांत दाटी करतो. पायी हिंडणारे गल्लीबोळांत पांगतात आणि कोपऱ्यावरच्या बेकरीत वजनावर मिळणारा पिझ्झा घेतात.