पुढच्या शनिवारचा प्रश्न

जून-जुलैत महाविद्यालये सुरू होतात, राष्ट्रीय सेवा योजनेची नावनोंदणी होते आणि अठरा-एकोणीस वर्षांची कितीतरी मुलेमुली आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या वृद्धाश्रमाचे फाटक ओलांडतात. कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. फळवाटप, दोन-तीन जुनी गाणी, कोणाचा वाढदिवस असलाच तर केक, शेवटी सगळ्यांचा एकत्र फोटो. परतताना काहींचे डोळे खरोखर ओले असतात आणि अहवालात 'जीवनाचा खरा अर्थ कळला' हे वाक्य हमखास उमटते. त्या वाक्याची थट्टा करू नये. आजी-आजोबांशिवायच्या घरात वाढलेल्या मुलाला थरथरता हात हातात धरल्यावर काहीतरी हलल्यासारखे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. पण अहवालात नोंद होते ती कळणाऱ्याची. ज्यांच्या खाटेशेजारी बसून हे कळले, त्यांच्या पदरात काय पडले, ते कोणी लिहीत नाही. माझ्या मते अशा पहिल्या भेटीची नैतिक किंमत तिच्यातल्या गहिवरावर ठरत नाही. हा मुलगा पुन्हा कधी येणार हे त्या वृद्धाला ठाऊक आहे का, आणि 'आज नको' म्हणायची त्याला मुभा आहे का, यावर ती ठरते.

हे केवळ मनाचे म्हणणे नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड शुल्झ यांनी 1976 साली नेमक्या याच प्रसंगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. वृद्धनिवासातल्या चाळीसेक रहिवाशांना भेटायला पदवीचे विद्यार्थी पाठवले गेले. एका गटाला भेट कधी आणि किती वेळ हे स्वतः ठरवता येत होते. दुसऱ्याला ठरवता येत नव्हते, पण भेटीची वेळ आधी कळत होती. तिसऱ्याकडे विद्यार्थी अवचित येत आणि चौथ्याकडे कोणीच येत नसे. पहिले दोन्ही गट प्रकृतीने, उत्साहाने, दिवसभराच्या हालचालीने सरस ठरले. अवचित भेटींच्या वाट्याला मात्र तसा लाभ आला नाही. म्हणजे गुण नुसत्या सोबतीत नव्हता. कोणीतरी येणार आहे हे आधी माहीत असण्यात होता. खरा धडा पुढे आहे. प्रयोग संपला, विद्यार्थी यायचे थांबले आणि शुल्झ यांनी बार्बरा हानुसा यांच्यासह 1978 मध्ये पुढची पाहणी मांडली. आधी सुधारलेले दोन्ही गटच आता खालावले होते. उरलेल्या दोन गटांत तशी घसरण दिसली नाही. नमुना लहान होता आणि देश वेगळा होता, हे मान्य. तरी वाट पाहायला शिकवून निघून जाण्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न या निष्कर्षाने इतका सरळ विचारला आहे की आपल्याला तो टाळता येत नाही.

कारण संस्थेतले आयुष्य मुळातच दुसऱ्यांच्या घड्याळावर चालते. चहा कधी, अंघोळीचा नंबर कधी, दिवे कधी मालवायचे, शेजारच्या खाटेवर कोण, यातले फारसे काही रहिवाशाच्या हाती नसते. त्यात पाहुणेही देणाऱ्याच्या सोयीने येतात. पितृपंधरवड्यात दिवंगतांच्या नावाने जिवंत म्हाताऱ्यांना गोडाधोडाचे जेवण मिळते (मधुमेहाची चौकशी सगळेच दाते करतात असे नाही), 1 ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन येतो, दिवाळीत फराळाचे डबे येतात. फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी मात्र अंगणात कुत्रेही फिरकत नाही. सणावारी होणाऱ्या या गर्दीत महाविद्यालयाच्या आणखी एका तुकडीने भर घातली, तर रहिवाशाच्या दृष्टीने तो आणखी एक बाहेरून लादलेला कार्यक्रम. तुकडी आली की हसायचे, टाळ्या वाजवायच्या, फोटोसाठी पुढे सरकायचे. पाहुणचाराचा सगळा भार इथे यजमानावर आहे, आणि यजमान ऐंशी वर्षांचा आहे.

यावर पहिले उत्तर येते, 'काहीच नसण्यापेक्षा एक दिवस तरी बरा.' एका दिवसापुरते ते खरेही आहे. गाण्याचा आनंद खोटा नसतो. मग ती गाण्याची मैफल म्हणूनच करावी. गोंधळ होतो तो मैफलीला नाते म्हणण्यात. निघताना 'आजी, पुन्हा येतो हं' हे आपण सवयीने बोलतो. लग्नघरी त्याला काही अर्थ नसतो. जिथे दुपार काढणे हेच दिवसाचे मोठे काम आहे तिथे ते वचन म्हणून ऐकले जाते. यायचे नसेल तर ते वाक्य गिळावे, इतके तरी विद्यार्थ्याला आधी सांगायला हवे. दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा: सवलतीच्या गुणांसाठी, आता नव्या शैक्षणिक धोरणातल्या श्रेयांकांसाठी केलेली सेवा ही सेवाच कशी? मला हा आक्षेप फारसा पटत नाही. हेतूची शुद्धता हा विद्यार्थ्याचा खासगी मामला आहे. दर शनिवारी चार वाजता येऊन वर्तमानपत्र वाचून दाखवणारा, नोव्हेंबरात निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला मोबाइलवरून काढून देणारा मुलगा गुणांसाठी आला असला, तरी त्याच्या येण्याने शनिवार ठरतो. भरल्या डोळ्यांनी एकदाच आलेल्यापेक्षा तो मला अधिक नैतिक वाटतो.

तिसरा आक्षेप गंभीर आहे. आई-वडिलांच्या निर्वाहाचा कायदा 2007 सालचा आहे. तो मुलांना जबाबदार धरतो आणि निराधार ज्येष्ठांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत निवास उभारण्याची तरतूदही करतो. मग मुलांचे आणि सरकारचे काम कोवळ्या स्वयंसेवकांवर का ढकलायचे? ढकलू नयेच. अंग पुसणे, औषधे देणे, रात्री उठवणे ही पगारी, प्रशिक्षित माणसांची कामे आहेत. विद्यार्थ्याला तिथे जुंपणे दोघांवरही अन्याय आहे. पण कायदा निर्वाह देऊ शकतो, 'उद्या कोण येणार' याचे उत्तर देऊ शकत नाही. राहिली अडचण वेळेची: परीक्षा असतात, तीन वर्षांत मुलगा शहर सोडतो. सेवा योजनेत वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240 तास अपेक्षित असतात. ते पाच संस्थांत उधळण्याऐवजी एकाच दाराशी खर्च केले, तर आठवड्याला दीड तास सहज निघतो. परीक्षेचे आठवडे आधीच भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून सांगता येतात. निरोपाची तारीखही पहिल्याच दिवशी सांगता येते, आणि शेवटच्या सत्रातल्या विद्यार्थ्याने जाण्यापूर्वी दोन महिने पहिल्या वर्षाच्या एखाद्याला सोबत आणून ओळख करून देण्याची पद्धत पाडता येते. त्या नवख्याशी पटेल की नाही, हे मात्र खाटेवरच्या माणसाने ठरवायचे.