फुटवा कोणाचा ?

सात वर्षांपूर्वीं एका स्नेह्यांच्या पत्नीनें मला डेंड्रोबियम जातीच्या ऑर्किडचें एक पिलू दिलें. त्यांच्या घरच्या झाडाच्या उंच कांड्यावर एका पेरापाशीं तें फुटलें होतें. पुढें त्या बाई वारल्या, आणि त्यांच्यामागून दुसऱ्याच उन्हाळ्यांत तें मूळचें झाडहि वाळून गेलें. गेल्या श्रावणांत माझ्या झाडाला तसेंच पिलू आलें. तें मीं स्नेह्यांना नेऊन दिलें, तेव्हां ते सद्गदित होऊन म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, हें हिचेंच झाड !" मी कांहीं बोललों नाहीं. पण घरीं परततांना मनांत आलें, हें विधान खरें, कीं नुसतें मनाचें समाधान ? आणि समाधानच असेल, तर माझें मौन म्हणजे असत्याला संमति नव्हे काय ?

वनस्पतिशास्त्र प्रथम स्नेह्यांच्याच बाजूनें साक्ष देईल. ऑर्किडचें बीज धुळीसारखें सूक्ष्म असतें. त्यांत पोषणाची शिदोरी नसल्यामुळें निसर्गांत तें बुरशीच्या साह्यावांचून रुजत नाहीं. साखर घातलेल्या माध्यमावर तें बुरशीवांचूनहि रुजूं शकतें, हें लुइस नडसन या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९२२ सालीं दाखविलें. परंतु बीजाचें रोप मातापित्यांहून निराळें निपजतें. फुटव्याची गोष्ट वेगळी. हवाई बेटांच्या भाषेंतून आलेलें त्याचें नांव 'केइकी', म्हणजे मूल. पण तें नांव थोडें फसवें आहे. मुलांत दोन कुळें मिसळतात. येथें एकच शरीर पुढें चालू राहतें. आपल्या परसांतील केळीचीहि हीच कथा.

तथापि शरीर एक म्हणून जीवहि एक, असें म्हणतां येईल काय ? तीं दोन झाडें कांहीं वर्षें एकाच वेळीं जगत होतीं. त्यांतलें एक मेलें, दुसरें राहिलें. जीं खरोखर एक, त्यांतील एकानें मरावें व दुसऱ्यानें जगावें, हें घडणार कसें ? शिवाय माझ्या झाडाच्या नव्या पानांना त्या बाईंचा हात कधीं लागलाच नव्हता. तर्काच्या कांट्यावर स्नेह्यांचें विधान टिकत नाहीं.

पण बाईंनीं मला केवळ झाड दिलें नव्हतें. मुळें दोन-तीन इंच झाल्यावांचून पिलू तोडूं नये. पातें आधीं विस्तवावर धरावें, नाहींतर एकाचा रोग दुसऱ्याला जातो. नारळाच्या सोडणाचे तुकडे व कोळसा यांत तें बसवावें. थंडींत पाणी कमी करावें, नाहींतर फुलाच्या जागीं फुटवेच येतात, हें सारें त्यांनीं बजावून सांगितलें होतें. गेलीं सात वर्षें मी तें पाळीत आलों. त्यांची काळजी माझ्या हातांतून वाहत राहिली; आणि स्नेह्यांना पिलू देतांना तेच शब्द माझ्या तोंडून निघाले. 'हिचें' या शब्दाला अर्थ असेल, तर तो येथें आहे. म्हणून माझें मौन मला असत्य वाटत नाहीं.

मात्र एक अट उरतेच. तें पिलू आतां त्यांच्या ओसरींत जुन्याच खिळ्यावर टांगलें आहे. पत्नी होती तोंवर त्यांनीं झाडांना कधीं पाणी घातलें नव्हतें. आतां तें त्यांनाच घालावें लागेल. झाड हिचें कीं नाहीं, याचा निकाल माझ्या तर्कानें नव्हे, त्यांच्या रोजच्या सकाळीं लागावयाचा आहे.