रानखुंटावरील गुलाब

वाचावयाचा भाग : याकोबाचें पत्र, अध्याय १, वचनें १९ ते २७. विशेष वचन २१ वें.



देवाचें वचन अंतःकरणांत रोविलें जाणारें आहे, तें सौम्यतेनें स्वीकारावें, असें याकोब ह्या ठिकाणीं सांगतो. 'रोविलें' हा शब्द कानीं पडतांच आमच्या शेतकरी बंधूंच्या डोळ्यांपुढें कांद्याचीं रोपें किंवा भाताची लावणी उभी राहते. तें ठीकच आहे. परंतु कित्येक जुन्या भाषांतरकारांनीं ह्या शब्दाचा अर्थ 'कलम केलेलें' असाही केला आहे, आणि ज्यानें आपल्या अंगणांत गुलाबाचें कलम स्वतः बांधिलें आहे त्यास तो अर्थ फार लवकर समजतो. म्हणून आज आम्ही गुलाबाविषयींच बोलणार आहों.

हा गुलाब म्हणजे बागवान ज्यास हायब्रिड टी म्हणतात तो. त्याच्या लांब देंठावर बहुधा एकच मोठें, टोंकदार कळीचें फूल येतें. युरोपांतील सुवासिक व थंडी सोसणारे गुलाब आणि चीन देशांतून तिकडे गेलेले, पुनःपुन्हा फुलणारे गुलाब ह्या दोन घराण्यांच्या संयोगांतून हा वर्ग निघाला. त्यांतील पहिला म्हणून जो मानिला जातो तो फ्रान्स देशांत लियों शहरीं गियो नांवाच्या बागवानानें सन १८६७ सालीं पुढें आणिला. रंग रुपेरी झांक असलेला गुलाबी, सुवास भरपूर. परीक्षकांनीं तो निवडिला आणि त्यास 'ला फ्रान्स' म्हणजे देशाचेंच नांव मिळालें. ह्या झाडाचे आईबाप नेमके कोणते हें आजवर निश्चित ठरलेलें नाहीं. परीक्षकांपुढें कुळाचा दाखला नव्हता, फूल होतें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडेल.

ला फ्रान्स ह्या झाडास बी जवळजवळ धरतच नाहीं. इतर संकरित गुलाबांस बी धरलें व तें पेरलें, तरी मूळ झाडासारखेंच फूल येईल असा भरंवसा नसतो. म्हणून जगांत जेथें जेथें ला फ्रान्स फुलत आहे, तेथें तेथें लियोंच्या त्या एका रोपाचाच अंश हातोहात चालत आलेला आहे. दीडशेंहून अधिक वर्षें लोटलीं. दर वेळीं कोणीतरी गुडघे टेंकून, हातांत चाकू घेऊन एक डोळा काढिला व दुसऱ्या खुंटांत बसविला, तेव्हां हें वाण टिकलें. ख्रिस्ती आईबापांच्या पोटीं जन्मल्यानें मूल ख्रिस्ती होत नाहीं, हें आम्ही उपासनेंत सांगतों, पण मनांतून तसें मानीत नाहीं. आजोबांचा बाप्तिस्मा कोणत्या पाळकाच्या हातून झाला हें नातवास तोंडपाठ असतें. शुभवर्तमानाचें पुस्तक मात्र पेटींत असतें. योहानानें आपल्या पहिल्या अध्यायाच्या तेराव्या वचनांत रक्तापासूनचा जन्म व देवापासूनचा जन्म हे स्पष्टपणें वेगळे केले आहेत. संध्याकाळीं चुलीपाशीं आईनें मुलास जवळ बसवून वचन वाचून दाखविलें, कीं तेथें डोळा बांधिला गेला. वाचतां येत नसेल तर तोंडानें सांगावें.

आतां डोळा बांधण्याची रीत ऐका. प्रथम रानगुलाबाचा खुंट लावितात. त्याचीं फुलें क्षुल्लक, पण मुळें चिवट; नाजूक गुलाब स्वतःच्या मुळांवर जो जोम पुष्कळदां धरीत नाहीं तो ह्या परक्या मुळांवर धरितो. खुंट शिसपेन्सिलीएवढा जाड झाला म्हणजे जमिनीलगत त्याच्या सालीवर एक आडवी व तिच्या मध्यापासून खालीं एक उभी चीर देतात. दोन्ही मिळून वरचें टोंक नसलेल्या वधस्तंभासारखी आकृति दिसते. साल अलगद सोडवून तींत चांगल्या गुलाबाचा डोळा सरकवितात, आणि तेवढा डोळा उघडा ठेवून वरखालीं घट्ट बांधितात. तीन-चार आठवड्यांनंतर डोळा हिरवा असला तर त्यानें जीव धरिला असें समजावें. तो फुटूं लागला म्हणजे त्याच्या वरचा सर्व रानखुंट छाटून टाकितात. खुंटानें चीरच सोसली नाहीं तर डोळा कोठें बसणार? सौम्यतेनें स्वीकारा, असें याकोबानें म्हटलें तें ह्याकरितांच असावें.

पण माळी रानखुंट उपटून फेंकून देत नाहीं, हेंही पाहा. मुळें तींच राहतात व नव्या फुलास रस तींच पुरवितात. आमची भाषा, आमचे कष्ट, टाळमृदंगाची आवड हीं सर्व आमच्या जुन्या मुळांचीं आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांनीं कीर्तन व भजन ख्रिस्तसेवेस लाविलें, तें हीं मुळें ओळखूनच. जे बंधु परदेशी चालीशिवाय उपासना होत नाहीं असें समजतात, त्यांना मुळांवांचून फूल पाहिजे असतें.

आतां मुख्य गोष्ट. डोळा वाढला, फुलें आलीं, तरी जमिनींतील खुंट मेलेला नसतो. एखाद्या पावसाळ्यांत डोळ्याच्या जोडाखालून एक सरळ, लुसलुशीत फोंक बाहेर येतो. नवशिका माणूस त्याचा जोम पाहून हर्षतो. पण तो रानखुंटाचा फुटवा असतो. त्यास राहूं दिलें तर मुळांचा सगळा रस तोच ओढून घेतो, वरचें कलम खंगत जातें आणि एके दिवशीं लोक म्हणतात, "गुलाब बदलला." गुलाब बदललेला नसतो, मेलेला असतो, जें उभें आहे तें रान.

बंधूंनो, आमच्या मंडळ्यांतील हा फोंक म्हणजे जात. प्रभुभोजनाच्या एका भाकरीचे वांटेकरी असलेलीं दोन घरें सोयरीक जुळवावयास बसलीं म्हणजे पहिला प्रश्न विश्वासाचा नसतो, मुलीच्या शिक्षणाचाही नसतो. पूर्वीची वाडी कोणती, हा असतो. एकाच खेड्यांत एका वाडीचे लोक उपासनेस पुढें बसतात व दुसऱ्या वाडीचे दाराशीं. पंच निवडावयाचे झाले म्हणजे वाडीवार मतें पडतात. आणि ज्या गुलाबाचे आईबाप आजवर ठरले नाहींत त्यास परीक्षकांनीं फुलावरून देशाचें नांव दिलें! आम्ही मात्र ख्रिस्ताच्या नांवानें ओळखिलेल्या भावास त्याचें कुळ विचारतों.

हा फोंक कातरीनें वरचेवर कापून भागत नाहीं. जमिनीबरोबर कापिला तर खालच्या डोळ्यांतून पुन्हा दोन फुटतात. माती उकरून तो मुळांतून जेथें निघाला तेथवर जावें, आणि तेथून ओढून उपटावा. ऐक्यावर एक भाषण केलें, वर्षांतून एक सहभोजन केलें, तें कातर चालविणें होय. उपदेशक बंधूंनीं आपल्या मुलामुलींच्या लग्नांत माती उकरावी. हें बोलणें कठीण आहे हें आम्हांस ठाऊक आहे; ज्या घरांत असें लग्न झालें त्या घरास नातलगांनीं वाळींत टाकिल्याचेंही आम्हीं पाहिलें आहे. अशा घरीं पाळकानें पहिल्या आठवड्यांतच जाऊन जेवावें.

येथें एक सावधगिरीची सूचना. पुष्कळ लोक म्हणतात कीं पानाच्या काडीवर सात पानें असलीं तर फांदी रानटी, पांच असलीं तर चांगली. ही खूण खात्रीची नव्हे. चांगल्या कलमावरही कधीं सात येतात, आणि अशी खूण धरून भल्या फांद्या तोडणारे आम्हीं पाहिले आहेत. फांदी कोठून निघाली तें पाहावें. जोडाच्या वरून निघाली असेल तर पानें मोजूं नयेत. मंडळींतील एखाद्या बहिणीनें कुंकू लाविलें किंवा बांगड्या भरल्या म्हणून तिला रानांत काढणारे वडील माती न उकरतां पानें मोजतात, असें आमचें मत आहे.

छाटणीविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण योहानाच्या पंधराव्या अध्यायावर आपण पुष्कळ उपदेश ऐकिले आहेत. आपल्या दख्खनच्या भागांत पाऊस सरल्यावर ऑक्टोबरांत छाटावें. बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित् वर, तिरपें. सुमारें सहा-सात आठवड्यांत फुलें येतात, म्हणजे नाताळच्या आधींच.

सुवासाविषयीं मात्र बोललें पाहिजे. पुण्याजवळ तळेगांव-मावळच्या भागांत आच्छादनाखालीं गुलाब पिकवून परदेशीं पाठवितात. दूरचा प्रवास सोसावा, फुलदाणींत पुष्कळ दिवस टिकावें, ह्या हिशेबानें निवडिलेल्या ह्या वाणांत सुवास बहुधा नसतो. सन २०१५ सालीं फ्रान्सांतील शास्त्रज्ञांनीं सुवासिक व निर्गंध गुलाब ताडून पाहिले, तेव्हां पाकळ्यांतील एका विकराचें काम सुवासिक फुलांत जोरानें चालतें व निर्गंध फुलांत जवळजवळ बंद असतें असें त्यांस आढळलें. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही गुलाबच. पौलानें करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत विश्वासणाऱ्यांस सुगंध म्हटलें आहे. रंग म्हटलेलें नाहीं. शेजारच्या हिंदु बांधवांस आमचें मंदिर दुरून दिसतें, परंतु त्यांच्या घरीं दुखणें आलें त्या रात्रीं आम्ही गेलों कीं नाहीं, एवढेंच ते सांगूं शकतील.

ज्यांना झाड लावावयाचें असेल त्यांनीं ला फ्रान्सचाच हट्ट धरूं नये. रोपवाटिकेंत जाऊन गुलाबी व सुवासिक असें सांगावें, आणि सकाळच्या प्रहरीं फूल हुंगून मग झाड घ्यावें. दुपारच्या उन्हांत वास उडालेला असतो. निदान पांच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा पाहावी. दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा करून त्यांत कुजलेलें शेणखत व माती घालावी, जमीन काळी व चिकण असली तर वाळूही मिसळावी. जोड मातीच्या वर राहूं द्यावा. पाणी सकाळीं, बुडाशीं. आणि शेजाऱ्यानें डोळा मागितला तर त्याची वाडी न विचारतां द्यावा. बांधावयास केळीच्या सोपटाची एक पट्टी पुरते.