तिसरा प्रयत्न

पुण्याच्या नाना पेठेत मोटारसायकलच्या सुट्या भागांची दुकानं एकाला लागून एक आहेत. त्यातल्या एका दुकानात काउंटरवर बसणाऱ्या पोराला अख्खी गल्ली ‘दोनशेवाला’ म्हणायची. जिममध्ये त्याने एकदा 200 किलोचं डेडलिफ्ट मारलं होतं, मित्राने त्याचा व्हिडिओ काढला, आणि तेव्हापासून आईशिवाय कुणी त्याचं खरं नाव घेईना. त्याचं स्वतःचं वजन 74 किलो. म्हणजे कौतुक काही खोटं नव्हतं.

पण असं नाव पडलं की माणूस त्या नावाचा चाकर होतो. दिवसभर स्टुलावर बसायचं, रात्री शटर ओढलं की जिम गाठायची आणि अंग नीट गरम न करताच प्लेटा चढवायच्या. वजन किती दिवसांत किती वाढवायचं याला धरबंधच उरला नव्हता. जिममधल्या जुन्या पोरांनी सांगून पाहिलं. “कमी मारलं तर दोनशेवाला कसला?” एवढंच त्याचं उत्तर.

एका मंडळाने डेडलिफ्टची स्पर्धा भरवली. प्रत्येकाला तीन प्रयत्न. पहिल्या दोन प्रयत्नांत त्याने 180 आणि 195 उचलले आणि तिसऱ्याला 210 मागितले. रॉड गुडघ्यापर्यंत आला आणि तिथे अडला. त्याने पाठीचा कणा गोल करून हिसका दिला आणि उजव्या मांडीच्या मागे काहीतरी तटकन तुटलं. दुसऱ्या दिवशी मांडीवर विशेष काही दिसत नव्हतं. तीन-चार दिवसांनी काळानिळा डाग मांडीवरून उतरत गुडघ्याच्या मागे आला. आत सांडलेलं रक्त असं सावकाश खाली उतरतं, आणि घरच्यांना वाटतं की दुखणं पसरतंय. आईने तर देव पाण्यात ठेवले.

एका मित्राने मालिशवाल्याचं नाव सुचवलं. दोन दिवस रगडून घे, मोकळा होशील, म्हणाला. नशीब, आईने आधी डॉक्टरांकडे नेलं. ताज्या फाटलेल्या स्नायूला जोराने रगडलं तर आतला रक्तस्राव वाढतो, आणि कधीकधी साकळलेल्या रक्ताच्या जागी चक्क हाडासारखा कठीण गोळा धरतो. हे आपल्याकडे अजून पुरेसं माहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

मांडीच्या मागे तीन स्नायूंचा जुडगा असतो, त्यालाच हॅमस्ट्रिंग म्हणतात. बसताना जे हाड टेकतं तिथून तो निघतो आणि गुडघा ओलांडून खाली जातो. एमआरआयमध्ये त्यातला एक स्नायू अर्धाअधिक फाटलेला दिसला. हाडापासून साफ सुटला असता तर शस्त्रक्रिया करावी लागली असती. तेवढ्यावरून वाचला.

फिजिओ मॅडमनी त्याला समोर बसवून सगळं समजावलं. फाटलेल्या जागी आधी सूज येते, मग शरीर तिथे नवे तंतू आणि व्रणाची ऊती भरतं. ही ऊती सुरुवातीला वेड्यावाकड्या दिशांनी विणली जाते. तिच्यावर बेताबेताने ताण देत गेलं की तंतू ताणाच्या दिशेने लागतात. नुसतं पडून राहिलं तर स्नायू वाळतो, घाई केली तर पुन्हा उसवतो. आणि ज्याची हॅमस्ट्रिंग एकदा गेली, त्याची पुन्हा जायचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त.

“दुखणं आधी जातं. ताकद खूप मागाहून येते,” त्या म्हणाल्या. “मधल्या दिवसांत माणूस फसतो.”

तो फसलाच. चालताना दुखायचं थांबलं, जिना चढता येऊ लागला, आणि एका रात्री वेदनाशामक गोळी घेऊन तो गुपचूप जिममध्ये गेला. 140 किलो लावले. हे तर आपल्याला सकाळच्या चहासारखं, असा हिशोब. पहिला उचलला. दुसऱ्याला मांडीच्या मागे तीच जागा पुन्हा उसवली.

या वेळी तो जिमचंच नाव काढेना. पहिल्या इजेला लोकांनी हळहळ केली होती, दुसरीला “सांगितलं होतं ना” एवढंच ऐकू आलं. दुकानातून आला की तो भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि मोबाइलवर एकच व्हिडिओ पाहायचा. 30 जुलै 2022, बर्मिंगहॅम. सांगलीच्या पानटपरीवाल्याचा मुलगा संकेत सरगर राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो वजनगटात उभा आहे. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात 139 किलो डोक्यावर नेताना त्याचा उजवा कोपर दगा देतो. चेहरा पिळवटतो. आणि तरी तो तिसऱ्या प्रयत्नाला पुन्हा त्याच 139 किलोपाशी येतो.

शेवटी आईने जुनी वाट धरली. पोराचे आजोबा शुक्रवार पेठेतल्या एका तालमीत मेहनत करायचे. तिथले वस्ताद आजोबांचे धाकटे जोडीदार, आता सत्तरीच्या पुढचे. कान चुरगळलेले, आवाज खर्जातला. झालं ते सगळं सांगून आई म्हणाली, “वस्ताद, तुम्हीच बघा. माझं ऐकत नाही.”

पोराने बसल्या बसल्या मोबाइल काढून तोच व्हिडिओ दाखवला. “वस्ताद, हा बघा. कोपर गेला तरी हटला नाही. मी हटलो.”

वस्तादांनी चष्मा लावून पूर्ण पाहिलं. मग विचारलं, “तिसऱ्याला काय झालं?”

“वजन सुटलं.”

“मेडल?”

“रौप्य. 248 किलो झाले होते. मलेशियाच्या गड्याने 249 केले. एका किलोने सोनं गेलं.”

“त्यातले त्याचे कुठले धरले?”

पोराला पाठ होतं. “स्नॅचचे 113, आणि जर्कच्या पहिल्या प्रयत्नाचे 135.”

“म्हणजे रौप्य पहिल्या प्रयत्नाचं,” वस्ताद म्हणाले. “त्या पोराला मी चूक म्हणणार नाही. छातीवर देशाचं नाव होतं आणि मागचा गडी अंगावर येत होता. तिथे मीही गेलो असतो. पण पुढे काय झालं? तिकडेच त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. ज्या हाताने 135 डोक्यावर नेले होते, त्या हाताने नंतर पहिल्यांदा काय उचललं असेल? त्याचा व्हिडिओ आहे का तुझ्याकडे?”

पोरगा गप्प बसला.

“नसणारच. तो कुणी काढत नाही. आणि तू त्या रात्री गोळी खाऊन कुणासाठी उभा होतास रे? जिममध्ये तर चिटपाखरू नव्हतं.”

उत्तर द्यायला जागाच नव्हती. वस्ताद उठले आणि कोपऱ्यातलं खोरं त्याच्या हातात दिलं. “उद्यापासून पहाटे यायचं. हौद उकरायचा. मात्र आधी तुझ्या मॅडमना विचार. त्या नाही म्हणाल्या तर नाही.”

तालमीतल्या हौदातली लाल माती नुसती माती नसते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस मुरवलेला असतो. रोज उकरली नाही तर ती बसते, आणि बसलेल्या मातीवर पाठ आपटली की पैलवान कामातून जातो. म्हणून कुस्तीआधी माती खणणं हीच पहिली मेहनत. लहुजी वस्तादांच्या तालमीत जोतीराव फुले कसरत शिकले ते याच शहरात. पुण्यातल्या तालमींनी नुसते पैलवान घडवले नाहीत, हे आज जिमच्या आरशांपुढे उभ्या असलेल्या पिढीला सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मॅडमनी त्याला दवाखान्यात नुसता झाडू हातात देऊन वाकून दाखवायला लावलं. “पाठ गोल होतेय. खुब्यातून वाका. पाठ सरळ, गुडघे किंचित सैल. हौदाचा चौथा भाग, बस. दुसऱ्या दिवशी सकाळी ठणकलं तर त्याच्या निम्मं.” खोऱ्याने माती ओढणं म्हणजे खुब्यातून वाकून पुन्हा सरळ होणं. डेडलिफ्टमध्ये तरी दुसरं काय असतं? फक्त वजन 200 नव्हतं, खोरंभर मातीचं होतं.

पहिल्या आठवड्यात त्याला लाज वाटली. आठ-दहा वर्षांची पोरं सपाट्या मारत होती आणि हा कोपऱ्यात हळूहळू माती ओढत होता. एका पोराने विचारलंही, “दादा, तुम्ही नवीन का?” वस्ताद लांबून म्हणाले, “हो, नवीन आहे.” ते त्याला फार लागलं. तरी दुसऱ्या दिवशी तो आला.

चौथा भाग, मग अर्धा हौद, मग सगळा. मॅडमनी त्यात पर्वतीच्या 103 पायऱ्या घातल्या. चढताना साध्या चालीने, उतरताना त्याहून सावकाश. बैठका सुरू झाल्या त्या सगळ्यात लहान पोराएवढ्या. मध्ये एकदा मांडी कडक झाली, तेव्हा त्याने स्वतःहून दोन दिवस मोजणी निम्म्यावर आणली आणि वस्तादांना सांगितलं. वस्ताद काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी थंडाईचा पेला त्याच्यापुढे आधी आला.

मांडीत पुरेसा जोर आल्यावर मॅडमनी एक व्यायाम दिला. गुडघे टेकून उभं राहायचं, कुणीतरी मागून घोटे दाबून धरायचे, आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंग एका रेषेत ठेवून पुढे झुकत जायचं, जेवढं सावकाश जमेल तेवढं. यात मांडीचा मागचा स्नायू लांब होत असतानाच वजन पेलतो, आणि तो फाटतोही बहुधा अशाच वेळी. म्हणून तिथलीच ताकद वाढवायची. वस्तादांनी दोन पोरांना त्याच्या घोट्यांवर बसवलं. एक या पायावर, एक त्या पायावर. तो झुकायला लागला की पोरं मोठ्याने आकडे म्हणत. सुरुवातीला “दोन” म्हणेपर्यंत तो हातांवर पडायचा आणि पोरं खिदळायची. पुढे पुढे “पाच”, “सहा” ऐकू येऊ लागलं. जो आकडा पूर्वी फक्त प्लेटांवर दिसायचा, तो आता त्या पोरांच्या तोंडी होता, आणि त्यात एकने वाढ झाली की तिघेही सारखेच खूश.

एका सकाळी त्याने विचारलं, “वस्ताद, 200 परत येतील का?”

वस्तादांनी मुरलीकांत पेटकरांचं नाव घेतलं. पेठ इस्लामपूरचा गडी, लष्करात बॉक्सर. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यापाशी राहिली, कमरेखालचं अंग गेलं. उपचार म्हणून पाण्यात उतरवलं. 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकलं, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं. पुढे पुण्यात टेल्कोत नोकरी केली, पद्मश्री मिळाली 2018 मध्ये.

“त्यांचं बॉक्सिंग परत आलं नाही,” वस्ताद म्हणाले. “तुझं येईल की नाही, मला माहीत नाही. मॅडमनाही नाही. तू उद्याची माती उकर.”

त्यानंतर काही महिन्यांनी तो जिममध्ये परतला. पहिल्या दिवशी नुसता 20 किलोचा रॉड. आरशात बघणारे बघत होते. त्याने एक वही केली. तिच्यात उचललेल्या वजनाशेजारी तो दुसऱ्या दिवशी सकाळी मांडी कशी होती तेही लिहायचा, आणि पुढचं वजन त्या दुसऱ्या रकान्यावरून ठरवायचा.

पुढे पुन्हा एका मंडळाची स्पर्धा लागली. माइकवर निवेदकाने “आता येतोय आपला दोनशेवाला!” असं पुकारलं, टाळ्या पडल्या. तो टेबलापाशी गेला आणि चिठ्ठीवर आपलं नाव लिहून देऊन म्हणाला, “दादा, हे वाचा.” पहिल्याला 130, दुसऱ्याला 142.5. दोन्ही स्वच्छ. मागून मित्र धावत आला. “अरे, तिसऱ्याला 165 माग! ब्राँझ आपलं. पूर्वी तू याच्यावर गरम व्हायचास!”

त्याने वही उघडली. सरावातला सगळ्यात मोठा आकडा 150 होता, आणि त्याच्या शेजारी लिहिलं होतं, ‘सकाळी किंचित कडक’. त्याने 147.5 मागितले. पाठ सरळ, रॉड नडगीला घासून वर आला, पंचाचा हात खाली येईपर्यंत त्याने तो धरून ठेवला आणि मग सावकाश टेकवला. तो चौथा आला. ब्राँझ मार्केट यार्डातल्या एका हमालाच्या पोराने नेलं. त्याचे 165 खरोखर सुंदर होते आणि सगळ्यात मोठ्याने टाळ्या यानेच वाजवल्या.

वस्ताद मागच्या खुर्चीवर बसून होते. डेडलिफ्टमधलं त्यांना फार कळत नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, “उद्या येणार ना?”

“येणार की. पण उद्या अर्धाच हौद, वस्ताद.”

“बरं,” ते म्हणाले आणि बसची वेळ झाली म्हणून उठले. पुढच्या वजनगटाला प्लेटा चढवायला माणसं कमी पडत होती. त्याने कमरेचा पट्टा सोडून पिशवीत टाकला आणि 25 ची एक प्लेट खुब्यातून वाकून उचलली.