गळका सांधा

सकाळी साडेसहाला आमच्या सोसायटीत टँकर येतो. मागे घेताना त्याचा जो पीं-पीं आवाज होतो, तोच आमचा गजर. पुण्याच्या कडेचं हे गाव. २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं महापालिकेत आली, त्यांतलंच एक. कालपरवापर्यंत सातबाऱ्यावर असलेलं शेत बघता बघता बारा मजली झालं. खाली पोहण्याचा तलावही आहे. पालिकेचा नळ तेवढा यायचा आहे.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपण शाळेतच पाठ केलेलं असतं. आपली शहरं मात्र तहान लागली की टँकर मागवतात. इमारतीला परवानगी मिळते एकेका प्लॉटपुरती. जलवाहिनी टाकायची तर अख्ख्या गावाचा एकत्र विचार करावा लागतो, आणि तो आराखडा इमारतींच्या मागून रखडत येतो. मधल्या काळासाठी बिल्डर हमीपत्र लिहून देतो, की पालिकेचं पाणी येईपर्यंत सोय आमची. फ्लॅटचा ताबा दिला की तो पुढच्या प्लॉटवर जातो, हमीपत्र फायलीत जातं आणि टँकरचं बिल आमच्या मेंटेनन्समध्ये येतं.

याच पुण्यात अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधला आणि जमिनीखालच्या दगडी नळातून पाणी गावात आणलं. ना पंप, ना वीज. नुसत्या उताराच्या जोरावर पाणी चालत यायचं. वाटेत जागोजागी नळाला उच्छ्वास ठेवलेले. कोंडलेल्या हवेला वाट दिली नाही तर पाणी अडतं, हे त्या कारागिरांनी आधीच ओळखलेलं. काळ्या हौदावर, बदामी हौदावर पेठांमधले हंडे-कळश्या भरत.

पण एवढ्यावर भाळून चालणार नाही. हौद तुडुंब असला तरी त्यात कळशी बुडवण्याची मुभा सगळ्यांना नव्हती. कात्रजचं पाणी गावात येऊन शंभरावर वर्षं उलटली, आणि १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. ना नवा तलाव, ना नवा नळ. होता तोच हौद.

पाणी आणायचं कुठून आणि भरू द्यायचं कोणाला, असे हे दोन प्रश्न. पहिला इंजिनिअरच्या टेबलावर सुटू शकतो. दुसरा रोज, हौदापाशी, तिथे उभ्या असलेल्या माणसाला सोडवावा लागतो.

आज सकाळी खाली उतरलो तेव्हा टँकरचा पाइप टाकीत सोडलेला होता. पाइपाचा सांधा गळत होता, करंगळीएवढी धार. त्या धारेखाली कळशी लावून वॉचमनची बायको उकिडवी बसली होती. पार्किंगच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या खोलीत हे कुटुंब राहतं. टाकीतलं पाणी बाराव्या मजल्यापर्यंत चढतं, त्या खोलीत मात्र नळ दिलेला नाही.

मी ड्रायव्हरला म्हणालो, "दादा, तो सांधा जरा आवळा की. पाणी वाया चाललंय."

त्यानं सीटखालून पाना काढला. सांध्याकडे पाहिलं, मग कळशीकडे. पाना तसाच हातात धरून तो म्हणाला, "भरू द्या साहेब. मग आवळतो."

कळशी गळ्यापर्यंत आली. तिनं ती उचलून कमरेवर घेतली, पदरानं हात पुसला आणि निघाली. मग त्यानं दोन वेढ्यांत सांधा आवळला. धार थांबली.

पाणी वाया चाललंय, असं म्हणालो होतो मी.