न दिसणाऱ्या कार्बनचे अनुमान

न्यायदर्शनातील अनुमानाची चर्चा डोंगरावर दिसणाऱ्या धुरापासून सुरू होते, आणि डोंगर चढून वर गेल्यास त्या धुरामागचा अग्नी डोळ्यांनी पाहता येईल, हे त्या चर्चेत गृहीत धरलेले असते. न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने प्रमाणसंप्लवाचा, म्हणजे एकाच वस्तूच्या ज्ञानासाठी अनेक प्रमाणे प्रवृत्त होण्याचा, जो विचार केला आहे, त्यातही अग्नीचेच उदाहरण येते. विश्वासू माणसाच्या शब्दावरून अग्नी आधी कळतो, जवळ जाताना धुरावरून त्याचे अनुमान होते, आणि अगदी निकट पोचल्यावर तो प्रत्यक्ष दिसला की जिज्ञासा शमते. पण जेथे ही शेवटची पायरीच नाही, जेथे अनुमेय वस्तू कोणाच्याही डोळ्यांसमोर कधीच येणार नाही, तेथे जिज्ञासा कशावर विसावते? पोलाद शुद्ध करणाऱ्या भट्टीपुढे हा प्रश्न रोज कित्येक वेळा उभा राहतो.

झोतभट्टीतून येणाऱ्या द्रवरूप लोखंडात साधारणपणे ४ ते ४.५ टक्के कार्बन विरघळलेला असतो, आणि तो तसाच राहिला तर धातू ठिसूळ होतो. म्हणून कन्व्हर्टर नावाच्या पात्रात, पाण्याने थंड ठेवलेल्या नळीतून, म्हणजे लान्समधून, त्यावर शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडतात आणि कार्बन वायुरूप होऊन निघून जातो. ऑस्ट्रियातील लिंझ येथे १९५२ मध्ये उत्पादनात आलेली ही पद्धत भारतात प्रथम राउरकेल्याला सुरू झाली. रेल्वेच्या रुळांना ०.७ ते ०.८ टक्के कार्बन लागतो, तर मोटारीच्या खोल दाबून घडवायच्या पत्र्यात तो ०.००३ टक्क्यांहूनही कमी असावा लागतो. परंतु सुमारे १६०० अंश सेल्सिअसच्या, फेसाळ मळीने झाकलेल्या त्या रसाकडे पाहून नुसत्या डोळ्याला या दोहोंतील भेद कळत नाही.

हेन्री बेसेमरने १८५६ मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीत हवेचा झोत वापरला जाई आणि पात्राच्या तोंडाशी उठणारी ज्वाळा हाच हेतू, म्हणजे अनुमानाला आधार देणारे चिन्ह, मानला जाई. ज्वाळा एकाएकी खाली बसली की कार्बन संपत आला, ही त्या पद्धतीची व्याप्ती, म्हणजे चिन्ह आणि चिन्हित यांचे अव्यभिचारी साहचर्य. पण ही ज्वाळा कार्बनचा अभाव सांगते, त्याचे मान सांगत नाही, आणि म्हणूनच अनेक ठिकाणी कार्बन वाटेत अचूक जागी थांबवण्याची धडपड सोडून तो जवळजवळ शून्यावर नेण्याची आणि नंतर रॉबर्ट मशेटने सुचवल्याप्रमाणे मँगनीज व कार्बनयुक्त लोखंड मोजून मिसळण्याची रीत पडली. अभाव हाही ज्ञानाचा स्वतंत्र विषय आहे, असे आग्रहाने सांगणाऱ्या न्याय-वैशेषिक परंपरेला ही युक्ती मनापासून पटली असती, कारण येथे भावाच्या अनिश्चित मानापेक्षा अभावाची निश्चित सीमा अधिक भरवशाची ठरली.

१८६० नंतरच्या दशकात हेन्री रॉस्को याने त्याच ज्वाळेला वर्णपटदर्शक लावला, तेव्हा काही विशिष्ट प्रकाशपट्टे झोत संपण्याच्या सुमारास नाहीसे होतात असे आढळले, आणि ते कार्बनचे आहेत असा समज झाला. पुढे ते मुख्यतः मँगनीजच्या ऑक्साइडचे असल्याचे सिद्ध झाले. दरम्यान पट्टे पाहून झोत थांबवण्याचे काम बिनचूक चालले होते. ज्ञानाचे प्रामाण्य त्यातून घडणाऱ्या सफल प्रवृत्तीवरून ठरते, हे नैयायिकांचे मत येथे खरे ठरते, पण अर्धेच. कारण सफलतेने चिन्हाची विश्वासार्हता सिद्ध झाली, चिन्हामागच्या कारणाची कल्पना नव्हे. लोखंडात मँगनीज असणे ही या व्याप्तीला चिकटलेली न उच्चारलेली अट होती. अशा अटीला न्यायशास्त्रात उपाधी म्हणतात, आणि अग्नीपासून धूर निघण्यासाठी इंधन ओले असावे लागते, हे तिचे परंपरागत उदाहरण आहे.

आजच्या साधनांतही प्रत्येक चिन्हाला आपापली उपाधी आहे. बाहेर पडणाऱ्या वायूचे पृथक्करण करून गेलेल्या कार्बनची बेरीज करणे हा कार्यावरून कारणाकडे जाणारा, म्हणजे शेषवत्, मार्ग आहे. पण मुळातल्या ४.५ टक्क्यांपैकी ४.४५ टक्के गेल्याचे मोजताना एक टक्क्याची चूक झाली, तर ती जवळजवळ उरलेल्या कार्बनइतकीच मोठी ठरते. दुसऱ्या मार्गात झोत संपण्यापूर्वी सबलान्स नावाची वेगळी नळी बुडवून रसाचा थोडा अंश छोट्या साच्यात घेतात आणि तो निवताना तापमान कुठे क्षणभर थबकते ते पाहतात. शुद्ध लोखंड १५३८ अंशांवर गोठते आणि दर ०.१ टक्का कार्बनमागे हा बिंदू सुमारे ८ अंशांनी खाली येतो, म्हणून थबकण्याची जागा कार्बनचे मान सांगते. मात्र फॉस्फरस व मँगनीजही तो बिंदू खाली ओढतात आणि कार्बन अगदी थोडा उरला की त्यांची ओढ दुर्लक्षून चालत नाही.

तिसरे चिन्ह विरघळलेल्या ऑक्सिजनचे आहे, आणि तत्त्वचिंतनाला तेच सर्वांत अधिक खाद्य पुरवते. १६०० अंशांवर कार्बन आणि ऑक्सिजन यांच्या टक्केवारीचा गुणाकार जवळजवळ ०.००२ ते ०.००२५ राहतो, त्यामुळे एक कळला की दुसरा कळतो. हा नियम कार्बन मोनॉक्साइडचा दाब एक वातावरण असतानाचा आहे, आणि दाब हीच त्याची उपाधी. पण येथे कारागिराने उपाधी ओळखून ती टाळली नाही, तर तिलाच हत्यार बनवले. निर्वात पात्रात रस खेळवला की दाब घटतो, गुणाकार खाली येतो आणि खुल्या भट्टीत न जाणारा कार्बन निघून जातो.

व्याप्तीवर अखेरपर्यंत शंका घेता येते, हा चार्वाकांचा आक्षेप भट्टीवर मोडीत निघत नाही. नैयायिक उदयनाचार्यांचे त्यावर उत्तर असे, की शंका स्वतःच्या कृतीशी विरोधात जाऊ लागली की तिला मर्यादा येते. झोत जास्त चालला तर लोखंडच जळून मळीत जाते आणि पोलादातील ऑक्सिजन वाढतो, तर कमी चालला तर पुन्हा फुंकावे लागते. म्हणून शंकेला तेथे वेळेचे माप आहे.

यानंतर प्रयोगशाळेत गोठलेल्या नमुन्यावर ठिणगी पाडून मिळणारा आकडा अंतिम मानला जातो. पण तोही १९३ नॅनोमीटरच्या आसपासच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील प्रकाशावरून काढलेला असतो, आणि त्या प्रकाशाचे माप लावण्यासाठी यंत्राला आधी प्रमाणित नमुने दाखवलेले असतात, ज्यांतील कार्बन किती हे दुसऱ्या कोणीतरी मोजून दाखल्यावर लिहून दिलेले असते. वात्स्यायनाच्या उदाहरणात शब्द हे पहिले प्रमाण होते आणि प्रत्यक्ष शेवटचे. येथे अनुमानांची सगळी साखळी शेवटी त्या दाखल्याच्या शब्दावर येऊन टेकते.